गार गळू

धोंडुबाईच्या हाताला गळू कळायचं. एखादं मेंढरू लंगडत आलं, मान वाकडी धरून चरायला लागलं, की ती त्याला दोन गुडघ्यांत दाबून धरायची आणि हाताची पाठ त्याच्या कातड्यावर ठेवायची. तळहात नव्हे, पाठ. तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला ऊन-गार कळत नाही, असं तिचं म्हणणं. "अजून कच्चं हाय," म्हणून ती मेंढरू सोडून द्यायची, नाहीतर "आण गं वस्तरा" म्हणायची. एक चीर, आतला दह्यासारखा घट्ट पू दाबून बाहेर, मग कसलातरी ठेचलेला पाला आत आणि वरून चुलीतली राख. चौथ्या दिवशी ते मेंढरू कळपात ढुशा द्यायला मोकळं. माणच्या कोरड्या माळावरच्या सहा-सात वस्त्यांवरून माणसं तिला बोलवायला येत, आणि ती जाई तेव्हा तिची चाल अशी असे, की वस्तीवरची पोरंसुद्धा खेळ थांबवून बाजूला होत. रंगमंचावर मुख्य पात्र यावं तसं.

पाला कसला, हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. सासूनं अंथरुणाला खिळल्यावर तिच्या कानात सांगितला होता. औषध सांगितलं की त्याचा गुण जातो, हे त्या माळावर लहान पोरालाही ठाऊक. म्हणून कुणी विचारत नसे, आणि न विचारणं हाच तिचा मान होता. एक दिवस सून सोनमच्या कानात तो जाणार होता. तोवर तोंडाला कुलूप.

बासष्ट वर्षांच्या आयुष्यातल्या चाळीसेक दिवाळ्या तिनं अशाच काढल्या. दिवाळी सरली की साठ-सत्तर मेंढरं, एक घोडं आणि दोन कुत्री घेऊन बिऱ्हाड मावळतीकडं निघायचं. दहिवडी, पुसेसावळी, मग उंब्रज, तिथून पाटणच्या अंगाला. बागायतदारांच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पुढं सरकायचं. नवरा बिरदेव आठ वर्षांमागं गेला, तरी तिनं एक साल चुकवलं नाही. घोड्याचा लगाम धरून ती सगळ्यांच्या आधी तळावर पोचायची. मुलगा अर्जुना मेंढरं हाकत येईपर्यंत तीन दगडांवर तवा चढलेला असायचा. तिचं जे काही सुख होतं, ते त्या चालण्यात होतं. वस्तीवरच्या पत्र्याच्या घरात ती आठ महिने नुसती मुक्कामाला असल्यासारखी राहायची.

पाच वर्षांपूर्वी तिची बोटं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटेना, वस्तरा धरता येईना. गुडघे चूल पेटवायला वाकेनात. सरकारी दवाखान्यातल्या गोळ्यांनी पोटात जळजळ तेवढी झाली. मग कुणीतरी बाजारातल्या नाथाजीबुवाचं नाव काढलं.

नाथाजीबुवा आरडाओरडा करणाऱ्यांतला नव्हता. लिंबाखाली स्वच्छ धोतर नेसून बसायचा, प्रत्येकीला "ताई" म्हणायचा, हात हातात घेऊन नाडी बघायचा. तपकिरी पुडी द्यायचा, सकाळी दुधातून घ्यायला. धोंडुबाईनं पहिली पुडी घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिची मूठ मिटली. तिसऱ्या दिवशी तिनं घोड्यावर खोगीर आवळलं. चमत्काराला दुसरं काय म्हणतात?

"ताई, एक पथ्य पाळायचं," बुवा म्हणाला होता. "नाव विचारायचं नाही आणि डॉक्टरला सांगायचं नाही. गुण जाईल."

"मला सांगताय व्हय बुवा? मी बी औशद देती," ती हसून म्हणाली होती. एका जाणकारानं दुसऱ्या जाणकाराचा राखलेला मान होता तो.

मग ती दर बाजाराला ओट्यात पुड्या घेऊन यायला लागली, स्वतःसाठी आणि वस्त्यांवरच्या बायकांसाठी. कुणाचे गुडघे, कुणाची कंबर, कुणाचा दमा. जाऊ हरणाबाईला तर तिनं स्वतःच्या हातानं पहिली पुडी पाजली होती. देण्यात तिला भारी आनंद वाटे. तिचा स्वतःचा चेहरा गोल झाला, गालांना गुलाबी झाक आली. बायका म्हणत, "धोंडाबाय, म्हातारपणी नव्या नवरीवानी दिसाय लागलीयास." कातडीवर मात्र नुसती दोरी घासली तरी निळे डाग उठत. तिकडं कोण बघतंय?

गेल्या पावसाळ्यात पाठ धरली. दिवस कलला की अंग कणकण करायचं. चेहरा भरलेला, पण मांड्या वाळत चाललेल्या. आणि भाद्रपदात उजव्या जांघेत एक गाठ आली. आधी लिंबाएवढी, महिन्याभरात कवठाएवढी.

जागाच अशी की दाखवायची कुणाला? दवाखान्यात डॉक्टर पुरुष. एका सकाळी अर्जुना मेंढरं घेऊन माळावर गेल्यावर तिनं घरामागं, बाभळीच्या आडोशाला बसून गाठीवर हाताची पाठ ठेवली.

गाठ गार होती.

तिनं हात काढला, पदराला पुसला, पुन्हा ठेवला. गळू आणि गार? चाळीस वर्षांत शेकडो मेंढरांची गळवं तिनं चाचपली होती. कच्चं असो, पिकलेलं असो, ऊन लागतंच. हे ठणकतही नव्हतं. पण आत पाणी हिंदकळत होतं, आणि आत पाणी आहे म्हणजे वाट करून द्यायची, हे तिच्या हातांना इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायची गरज पडली नाही. वस्तरा जाळावर धरून तिनं चीर दिली. निवळीसारखा पातळ पू आला, त्यात पांढरे कण. वास अजिबात नाही. तिनं पाला भरला, राख लावली आणि भाकरी थापायला बसली.

चौथा दिवस गेला. आठवा गेला. पंधरवडा झाला तरी भोक मिटेना. रोज थोडंथोडं वाहायचं, आणि आता त्याला वासही यायला लागला. शेवटी लुगडं धुताना सोनमला डाग दिसले.

"आत्या, ह्ये काय हाय?"

"मेंढराचं लागलं आसंल."

"आत्या, मेंढरं काय तुमचं लुगडं नेसत्यात?"

"लय शानी झालीयास. दिवाळी हुंद्या. मावळतीकडं गेलं, चाललं की आपसूक बरं हुतंय."

दिवाळी झाली. बिऱ्हाड निघालं. पहिल्या तळापर्यंत ती लगाम धरून गेली. दुसऱ्या दिवशी घोड्याच्या मानेला धरून. पुसेसावळीच्या अलीकडं तिसऱ्या तळावर पहाटे ती उठायला गेली, आणि कमरेखाली आपलं काही आहे असं तिला वाटेना.

"अर्जुना," तिनं हाक मारली, मोठ्यानं नाही, "माजं पाय कुटं गेलं रं?"

अर्जुनाला ती थट्टा वाटली. तो हसला. मग त्यानं आईचा चेहरा बघितला आणि धावत रस्त्यावर जाऊन टेंपो थांबवला.

मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात तिला सोनमबरोबर ठेवून अर्जुना मेंढरांकडं परतला. परक्याच्या रानात जित्राबं किती वेळ सोडणार? फोटो निघाले, रक्त गेलं, जांघेतला पू काचेच्या नळीत गेला. दुसऱ्या दिवशी डॉक्टर आली. डॉक्टर प्रियदर्शनी, पंचविशी ओलांडलेली पोरगी, मूळची उंब्रजची. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची काळी वर्तुळं होती. पुवाच्या तपासणीचा कागद हातात घेऊन ती खाटेच्या कडेला बसली.

"आजी, तुम्हाला मणक्याचा टीबी आहे."

"मला? मला तर खोकला बी न्हाई."

"टीबी फक्त छातीचा नसतो. तुमच्या पाठीचे दोन मणके त्यानं खाल्लेत. तिथला पू मांसातून उतरत उतरत जांघेत आला. वर पाट फुटला की पाणी खालच्या रानात निघतं ना, तसं. टीबीचं गळू गारच असतं. तुम्ही त्याला चीर दिलीत आणि बाहेरचे जंतू आत शिरले."

गारच असतं. धोंडुबाईनं डोळे मिटले. चाळीस वर्षांचे हात आणि त्यांना एक गोष्ट ठाऊक नव्हती.

"माजं पाय येतील?"

"पू पाठीच्या दोरीवर दाब टाकतोय. नळी घालून तो लवकर काढला, गोळ्या वर्ष-दीड वर्ष खाल्ल्या, तर येतील. दिवस वाया घालवून चालणार नाही." मग ती थोडी पुढं झुकली. "पण टीबी असा माजतो तो अंगातली ताकद आधीच गेलेली असते तेव्हा. तुम्हाला साखर नाही, दुसरे आजारही तपासले, नाहीत. काही गोळ्या, पुड्या, जडीबुटी चालू होती का? सांध्यांसाठी वगैरे?"

सोनमनं सासूकडं पाहिलं. सासूनं सुनेकडं पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते फक्त सुनेला कळणार.

"न्हाई," धोंडुबाई म्हणाली.

संध्याकाळी पुन्हा तोच प्रश्न, दुसऱ्या दिवशी पुन्हा. न्हाई. न्हाई. तिला खोटं बोलायचं नव्हतं. पण बुवाला शब्द दिला होता, आणि वस्त्यांवर सतरा बायका त्याच पुडीवर चालत-फिरत होत्या. इथं खाटेवर पडून तिनं तोंड उघडायचं आणि तिकडं सतरा जणींचे गुडघे पुन्हा धरायचे, हा कुठला न्याय? तिनं आणखीही एक केलं होतं. दोन औषधं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून दवाखान्यात आल्यापासून पुडी बंद केली होती.

चौथ्या दिवशी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. दुपारी रक्तदाब इतका खाली गेला की नळी घालायचं ठरलं होतं ते रद्द झालं. बाटल्या लागल्या. डोळे उघडायचंसुद्धा बळ राहिलं नाही. सोनम पायाशी बसून मुसमुसत होती. "आत्या, सांगा की. मी सांगू?"

"माजी शपथ हाय तुला."

उन्हं खिडकीतून सरकत पलीकडच्या खाटेवर गेली तेव्हा डॉक्टर एकटीच आली. तिनं धोंडुबाईचा हात उचलला, त्यावरचे निळे डाग बघितले आणि ओरडली वगैरे नाही. दमलेल्या माणसाला ओरडायलाही जोर लागतो.

"आजी, मी अंदाज केलाय. अंदाजानंच आता एक इंजेक्शन दिलंय, म्हणून तुम्ही बोलू शकताय. पण मला नेमकं कळलं नाही, तर भूलवाले डॉक्टर नळी घालू देणार नाहीत. तोवर पायांचं काय होईल, मी सांगू शकत नाही."

धोंडुबाईनं डोळे उघडले. मग म्हणाली, "बाई, तू मला कसलं औशद देतीयास, ते सांगतीस का?"

"सांगते की." डॉक्टरनं बोटांवर मोजत चारही गोळ्यांची नावं सांगितली. कुठली कशासाठी, कुठलीनं लघवी केशरी होईल, कुठलीनं डोळ्यांना त्रास झाला तर लगेच कळवायचं. "लिहून देऊ? सोनमला वाचता येतं ना?"

"आन् ह्ये तू समद्यास्नी सांगतीस?"

"विचारेल त्याला. न विचारेल त्यालाही."

"तरीबी गुण येतो?"

डॉक्टर उंब्रजची होती. तिच्या आजोळच्या रानात दरसाल मेंढरं बसत. प्रश्नामागचा प्रश्न तिला कळला, आणि ती हसली नाही. "येतो, आजी."

"मग आणिक एक सांग. ती तू म्हंतीस तसली पुडी... आजार न्हाई आशा बाईनं खाल्ली तर?"

"आज बरं वाटेल. वर्षानुवर्षं खाल्ली तर एखाद्या दिवशी तीही इथं येईल. टीबी घेऊन, नाहीतर हाड मोडून. आणि एकदम सोडली तर आज तुमचं झालं तसं होईल."

धोंडुबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं नाही. ते यायलाही अंगात ओल लागते. हातानं चाचपून तिनं सोनमचा हात धरला. "माज्या पिशवीत, चंचीच्या तळाला. दोन ऱ्हायल्यात. दे बाईस्नी." मग छताकडं बघत म्हणाली, "सतरा बाया हायती. सतराबी जणींना म्याच दिली."

पुढचं सगळं हळूहळू झालं. पुडीत स्टेरॉइड होतं, हे कळलं. सूज आणि ठणका मारणारं, पण अंगाची राखण करणारी कुत्री झोपवणारं, असं डॉक्टरनं सांगितलं. तेच औषध मोजून गोळीतून देत, आठवड्यागणिक कमी करत न्यायचं ठरलं. नळी घातली. लोटाभर पू निघाला. नवव्या दिवशी तिच्या उजव्या पायाचा अंगठा हलला, आणि पलीकडच्या खाटेवरची बाईसुद्धा तो बघायला उठून आली. अर्जुनानं पाटणकडच्या रानातून मोबाईलवर मेंढरांचं चित्रण पाठवलं. सोनमनं ते सासूच्या तोंडापुढं धरलं. धोंडुबाईनं तेवढ्यात एक लंगडी मेंढी ओळखली आणि "खुराला काटा हाय तिच्या, सांग त्याला," म्हणाली.

दीड महिन्यानं कमरेला रुंद पट्टा बांधून ती वस्तीवर परतली. बरं होणं म्हणजे काय असतं, ते तिला तिथून पुढं कळलं. रोज मूठभर गोळ्या, रोज मळमळ. पुडीतलं औषध कमी होत गेलं तसे सांधे जुनं वैर काढल्यासारखे परत आले. त्यावर दवाखान्यातून वेगळी, बेताची गोळी मिळाली. त्या गोळीनं मूठ अर्धीच मिटे. जांघेतलं भोक बुजायला चार महिने लागले. ती आधी भिंतीला धरून चालली, मग काठीनं, मग काठी नुसती हातात धरून. फोनवर डॉक्टर म्हणायची, "छान!" धोंडुबाई म्हणायची, "छान कसलं बाई, म्हशीवानी चालती."

पुढच्या दिवाळीनंतर बिऱ्हाड निघालं ते तिच्याशिवाय. डॉक्टरनं सांगितलंच होतं, अजून सहा महिने गोळ्या, आणि ओझं, उतार, चढ कायमचे बंद. सोनम मागं राहिली. अर्जुनानं चुलतभावाला सोबत घेतलं. धोंडुबाई पट्टा आवळून वेशीपर्यंत गेली. घंटांचा आवाज माळाच्या पलीकडं जाईपर्यंत उभी राहिली. मग मागं वळून ती घरी न जाता सरळ हरणाबाईच्या दाराशी गेली.

पाय मिळाले होते. त्यांना पहिलं काम हे होतं; सोनमकडून धाडलेले निरोप कुणी मनावर घेतले नव्हते. नाथाजीबुवा लिंबाखालून कधीच नाहीसा झाला होता, पण त्याच्या जागी आता दुसरा कुणी तसल्याच पुड्या देत होता.

"हरणे, पुडी खातीस अजून?"

"तुला कशाला पायजे?" हरणाबाई दारातून बाजूला झाली नाही. तिचा चेहरा गोल गरगरीत झाला होता. "तू दवाखान्यात सांगून आलीस. तवापास्नं एका पुडीनं भागत न्हाई, दोन खाव्या लागत्यात. गुण घालवलास समद्यांचा."

"गुण न्हवता त्यो. माजी पाठ खाल्ली त्यानं. तुला दिली ती मीच, म्हणून सांगाय आले. मिरजंला चल."

"सोता बरी झालीस, आता आमाला घाबरीवतीयास व्हय? आन् समद्यांत आधी पाजली ती कुणी?"

"मीच पाजली," धोंडुबाई म्हणाली. तिला वाद घालायची ताकद नव्हती, आणि वाद घालण्यासारखं काही नव्हतंही. "पर येक ऐक. टाकायची तर एकदम टाकू नगंस. डाक्टरला इचारल्याबिगर न्हाई."

रागानं माणूस नेमकं नको ते करतं. त्याच दुपारी हरणाबाईनं उरलेल्या पुड्या चुलीत घातल्या. तिसऱ्या दिवशी तिचा नातू सांगत आला, आजी उठत नाही, नुसती ओकतीया. धोंडुबाई काठी टेकत पोचली. तिनं हरणाबाईचा चेहरा बघितला, आणि तो तिला अनोळखी वाटला नाही. सोनमनं गाडी बोलावली. वाटेतच डॉक्टरला फोन लावून सांगितलं, कसली पुडी, किती वर्षं, कधी बंद केली.

मिरजेला बाटली लागल्यावर दोन तासांनी हरणाबाईनं डोळे उघडले. पायाशी लोखंडी स्टुलावर, पट्ट्यामुळं ताठ बसलेली जाऊ दिसली.

"तू हाईस व्हय अजून," हरणाबाई पुटपुटली.

"कुटं जाऊ? एष्टी पाचला हाय."

"लय वंगाळ बोलले मी तुला."

"बोल. तेवडंच तोंडाला बळ आलंय म्हणायचं."

डॉक्टरनं हरणाबाईची छाती, पाठ, रक्त तपासलं. टीबी नव्हता. हाडं मात्र विरळ झाली होती, आणि पुडीच्या जागी मोजकी गोळी घेऊन ती सावकाश सुटायला सात-आठ महिने लागणार होते. दोन दिवसांनी तिला घेऊन दोघी सासवा-सुना वस्तीवर परतल्या. फाट्यावर उतरून चालताना धोंडुबाई तीनदा थांबली. सोनमनं पाठुंगळी घ्यायची तयारी दाखवली तेव्हा तिनं काठी उगारली.

घरात शिरताच तिनं पट्टा सोडला आणि खाटेवर आडवी झाली. पाठीवर पट्ट्याचे वळ उठले होते. सोनमनं त्यांवर खोबरेल लावलं, रात्रीच्या गोळ्या काढून पाण्याचा तांब्या जवळ ठेवला.

"आत्या, हरणाआत्या सोडली तर सोळा ऱ्हायल्या," ती म्हणाली. "उद्या कुणाकडं जायाचं?"

धोंडुबाईनं गोळ्या एकेक करून गिळल्या. मग ती भिंतीकडं तोंड करून वळली. सोनमला वाटलं, झोप लागली.

"उद्या न्हाई," अंधारातून आवाज आला. "उद्या ह्यो पाय उचलायचा न्हाई. परवा ढोकाच्या वस्तीवर जाऊ. तितं चौघी हायत्या एका ठिकाणी, तेवडंच चालणं वाचंल."